इंजिन निवेपर्यंत

पेर्साने हातमोजा काढून इंजिनावर तळवा टेकवला आणि लगेच मागे घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"गरम?" तिचा धाकटा दीर ग्लिशा गाडीचं दार उघडंच टाकून धावत आला. त्याने आपला हात एकदा इथे लावला, एकदा तिथे लावला, मग सायलेन्सरजवळ नेला आणि शिवी हासडून झटकला. "गरम काय म्हणतेस वहिनी, अंडं तळून निघेल यावर! चल, बस गाडीत."

ट्रॅक्टरचा मालक ओंद्रेय शेडच्या दाराशी उभा होता. सत्तरीचा, उंच, हाडकुळा स्लोव्हाक म्हातारा. कमरेला निळा एप्रन, पायात चिखलाचे बूट. तो काहीतरी बोलणार होता, कारण त्याने तोंडातली काडी काढून हातात घेतली होती. पण ग्लिशापुढे बोलायला मिळणं सोपं नसतं.

आमच्या बानातात, या सपाट शेतमुलखात, जुना ट्रॅक्टर बघायला जाणारा माणूस ठरलेल्या वेळेच्या आधीच थडकतो. इंजिन थंड असतानाच त्याचं खरं रूप कळतं. किती वेळ कुरकुरतं, धूर काळा टाकतं की पांढरा, सगळं त्या पहिल्या मिनिटात. विकणाऱ्याच्या मनात काळंबेरं असेल तर तो पहाटे उठून इंजिन तापवून ठेवतो. तापलेलं सगळंच सुरू होतं. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पेर्साच्या नवऱ्यालाही, नेदेल्कोलाही, ठाऊक होतं. तरी वसंतात तो एका दलालाकडून गरम ट्रॅक्टर घेऊन आला. पाऊस होता, दलालाने कॉफी पाजली, गोड बोलला, आणि नेदेल्को इंजिनाला हात लावायचाच विसरला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू होईना. ढकलायला आलेलं अर्धं गाव ढकलता ढकलता हसत होतं. महिन्याभरात गिअरबॉक्सही गेला. तेव्हापासून नेदेल्कोने काही विकत घेणंच सोडलं. बूट घ्यायचे तरी पेर्साला पाठवायचा. "मला नजर नाही," म्हणायचा, आणि खिडकीकडे पाठ करून बसायचा, कारण खिडकीतून जमीन दिसायची.

ती जमीन तामिश नदीकाठच्या पाणथळीतली, काळी, बूट धरला की पायातून काढून घेणारी. थंडीने गोठायच्या आत तिची खोल नांगरट झाली नाही, तर पुढच्या वर्षी तिच्यातून काही निघत नाही. घरचा छोटा ट्रॅक्टर तिच्यात शिरला की धापा टाकायचा. नेदेल्कोने सांगून टाकलं होतं, या वेळी काही जमलं नाही तर जमीन एखाद्या शेती कंपनीला खंडाने द्यायची आणि विषय संपवायचा. हे तो इतक्या शांतपणे म्हणाला होता की पेर्साला भीती वाटली. भांडला असता तर बरं झालं असतं.

"तापवलाय मी," ओंद्रेय शेवटी म्हणाला.

"वा! कबूलही करतात!" ग्लिशाने दोन्ही हात आभाळाकडे नेले. "काका, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत असाल ना तुम्ही? प्रार्थनेचं पुस्तक उघडून?"

म्हाताऱ्याचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा बंद झाला. त्याने काडी परत तोंडात घातली.

"निवू दे मग," तो म्हणाला. "बसा निवेपर्यंत."

"एवढं लोखंड निवायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

पेर्साने ट्रॅक्टरला फेरी घातली. सहा सिलिंडरांचं मोठं धूड. लाल रंग उडून गुलाबी झालेला, पण पत्रा कुठे ठोकून सरळ केलेला नाही, तेल कुठे गळत नाही. मागे चार फाळांचा नांगर जोडलेला आणि फाळांवर ओली माती. मीटरवर इंजिन चालल्याचे चौदा हजारांच्या वर तास.

"तो आकडा खरा धरू नका," ओंद्रेय मागून म्हणाला. "दोन वर्षं मीटर बंद होतं."

ग्लिशाने डोळे फिरवले. "लोक मीटर मागे फिरवतात, हे पुढे फिरवायला निघाले. वहिनी, हा माणूस मला समजत नाही."

पेर्सालाही समजत नव्हता. पण असा ट्रॅक्टर त्यांच्या ऐपतीत दुसरा कुठे नव्हता, हे तिला समजत होतं. तिने हातमोजे खिशात घातले.

"मी बसते," ती म्हणाली.

मग जे सुरू झालं त्याला खरेदी म्हणावं की पाहुणचार, सांगणं कठीण. ओंद्रेय आणि ग्लिशा भिंतीजवळच्या बाकावर दोन टोकांना बसले. म्हातारा बोलत नव्हता. ग्लिशाला न बोलता बसायची सवय नव्हती, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने उठायचा, इंजिनाला हात लावायचा, "अजून गरम!" असं सगळ्या अंगणाला सांगायचा आणि परत येऊन बसायचा. कोंबड्यांनाही ते पाठ झालं असावं.

ओंद्रेयची बायको आल्झा, बुटकी, गोल, डोक्याला काळा रुमाल बांधलेली, तिने पेर्साला स्वयंपाकघरात ओढलं. तिथे कोबीचा ढीग पडला होता. हिवाळ्यासाठी पिंपात आंबवायचा कोबी किसायचं काम चालू होतं. पेर्साने न विचारता बाह्या मागे सारल्या आणि किसणीसमोर बसली.

दुपारी सगळे जेवले. कोंबडीचं सूप, मग खसखस आणि साखर घातलेल्या शेवया. ग्लिशाने तीनदा घेतल्या आणि मग त्याला आठवलं की आपण या घरावर रागावलोय.

"काकू, हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "काकांच्या ट्रॅक्टरचं मी काही बोलत नाही."

"दिवसभर तेच तर बोलतोयस," आल्झा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी शेवया टाकल्या.

ओंद्रेय मान खाली घालून जेवत होता.

पुरुष बाहेर गेल्यावर दोघी परत कोबीकडे वळल्या. हात कामात असले की बाई बोलते. पेर्साने नेदेल्कोचं सगळं सांगितलं. दलाल, पाऊस, कॉफी, ढकलणारं गाव. खिडकीकडची पाठही सांगितली, जी तिने आपल्या सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती.

"माणूस वाईट नाही गं तो," ती म्हणाली. "कष्टाळू आहे. फक्त स्वतःवरचा विश्वास उडालाय. आता मी ट्रॅक्टर घेऊन गेले, तरी तो त्यावर बसेल की नाही, मला ठाऊक नाही. आणि खराब निघाला तर बघायलाच नको. म्हणून मी इथे गोचिडीसारखी चिकटून बसलेय. राग नका मानू, काकू."

आल्झा किसलेल्या कोबीवर मीठ टाकत होती. तिचा हात थांबला.

"काल रात्रीच तो म्हणाला होता, उद्या लवकर उठव म्हणून," ती म्हणाली. "अंधारातच शेतात गेला. तुम्ही येईपर्यंत नांगर ओढत होता."

"का?"

"अगं, तापवायचाच होता त्याला. थंड असला की तो ट्रॅक्टर गुणी पोरासारखा वागतो. खोट दिसते ती तापल्यावर. तेल तापलं की वर उचललेला नांगर हळूहळू खाली बसतो. तेच दाखवायचं होतं तुम्हाला."

पेर्साच्या हातातला कोबीचा गड्डा तसाच राहिला.

"मग सांगितलं का नाही?"

"आधी एक जण आला होता, त्याला सांगितलं. तो म्हणाला, एक खोट सांगतोयस म्हणजे दहा लपवतोयस. आणि निघून गेला. तेव्हापासून याचं ठरलंय, सांगायचं नाही, दाखवायचं. आज दाखवणार होता. पण तुझ्या दिराने चर्च काढलं." आल्झाने मूठभर मीठ जोरात टाकलं. "आता त्याला देवाने विचारलं तरी तो बोलायचा नाही. आमच्याकडे एक गाढव गोठ्यात असायचं, ते मेलं. एक घरात आहे."

"आणि आम्ही थंड बघून घेऊन गेलो असतो तर?"

"मी मेले होते का?" आल्झा म्हणाली. "मी तुला इथे कशासाठी बसवलंय? कोबी काय मला एकटीला किसता येत नाही?"

पेर्साला रडू आलं. कांदा असता तर बहाणा तरी झाला असता, कोबीला तीही सोय नव्हती. कुणी आपल्याला फसवू नये म्हणून ती महिनोन् महिने अंग चोरून जगत होती. आणि इथे एक अनोळखी म्हातारा, आपण फसू नये म्हणून, अंधारात उठून शेतात फिरला होता. त्याबद्दल तिच्या दिराने त्याला चोर ठरवलं होतं, आणि त्याने वर जेवू घातलं होतं. तिला इतकं भरून आलं की आल्झाच्या खारट हातावर तिने आपलं कपाळ टेकवलं.

"पुरे, पुरे," आल्झा म्हणाली. "डोळ्यांत मीठ जाईल."

तेवढ्यात अंगणातून ग्लिशाची आरोळी आली. "वहिनी! निवला! बर्फ झालाय बर्फ!"

पेर्सा बाहेर आली तेव्हा ग्लिशा वर चढून बसला होता. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन अर्ध्या फेरीत सुरू झालं. धुराचा एक लहानसा फुगा वर गेला आणि विरला. ग्लिशाचा चेहरा उजळला.

"लोणी आहे गं, लोणी! घे डोळे मिटून! काका, मी सकाळी बोललो ते सगळं मागे."

ओंद्रेय हात मागे बांधून उभा होता. त्याने आनंदही दाखवला नाही आणि रागही नाही.

"ओंद्रेयकाका," पेर्सा म्हणाली, "आता परत तापवा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीतला काळा रुमाल झटकन बाजूला झाला.

"बाईच्या पोटात काही राहत नाही," तो म्हणाला.

"राहिलं असतं तर मी फसले नसते का?"

त्याने ग्लिशाला खाली उतरवलं आणि स्वतः चढला.

घरामागच्या, मका काढून झालेल्या रानात तो नांगर घालून गेला, तेव्हा ग्लिशाही बोलायचा थांबला. चारही फाळ जमिनीत पूर्ण बुडाले होते आणि तरी इंजिनाचा आवाज तसूभर खाली आला नाही. माती उलटत होती, चकाकत होती. पेर्सा ढेकळांवरून त्याच्या मागे मागे चालत राहिली. किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही. सूर्य खाली आला, तेव्हा ओंद्रेयने बांधाशी ट्रॅक्टर थांबवला, नांगर वर उचलला आणि खाली उतरला.

तिघे बघत उभे राहिले. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग दमलेला माणूस बाकावर टेकतो तसा नांगर हळूहळू, कुणीही हात न लावता, खाली जमिनीवर येऊन बसला.

"अरे, हा तर बसला!" ग्लिशा म्हणाला.

मग मात्र ओंद्रेय बोलायला लागला. नांगर उचलणाऱ्या सिलिंडरचं सील गेलंय, पंपही थकलाय, दोन्ही बदलावे लागतील. तोवर रस्त्यावर नेताना नांगर साखळीने बांधायचा. शेतात काही अडत नाही, कारण नांगर जमिनीत असतो तेव्हा त्याला कुणी उचलून धरायचं नसतं. ओढण्यात खोट नाही. गुडघे शाबूत असते तर विकला नसता. किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, हे तर धरूनच चाला. दिवसभराचं साठलेलं सगळं तो एका दमात बोलला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?" पेर्सा म्हणाली.

"उपकार कसले? तुमच्या त्या चिखलात हा दगा देता, तर शिव्या मला बसल्या असत्या."

"तरी." तिने त्याचा हात धरला. "मी मागितलं नसताना तुम्ही दिलंत. आता एक मागून घेते. मी आज ट्रॅक्टर घेत नाही."

"घेत नाही?" ग्लिशा ओरडला. "आता सगळं समोर आल्यावर?"

"उद्या माझा नवरा येईल. त्यालाही आजच्यासारखाच तापवून ठेवा. आणि त्याला काही सांगू नका. त्याचं त्याला सापडू दे."

ओंद्रेयने काडी तोंडात फिरवली. "खोटं बोलायला लावतेस?"

"नाही. नुसतं गप्प बसायचं. ते तुम्हाला जमतं."

पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं. मग त्याने हनुवटीने ग्लिशाकडे खूण केली. "आणि हा?"

"मी काय लहान पोर आहे?" ग्लिशा म्हणाला. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

घरी आल्यावर पेर्साने नवऱ्याला एवढंच सांगितलं की इंजिन गरम होतं, आपल्याला काही उमगलं नाही, ट्रॅक्टर मात्र मोठा आहे. नेदेल्को खुर्चीतून अर्धा उठला.

"गरम होतं तर तू तिथे थांबलीस कशाला? चोर असेल तो."

"मग तू येऊन त्याच्या तोंडावर सांग," पेर्सा म्हणाली. "मला नाही जमत."

सकाळी तो दाढी न करताच गाडीत बसला. स्वतःला फसवलेलं त्याने मुकाट्याने गिळलं होतं, पण बायकोला कुणी फसवतंय म्हटल्यावर त्याचा जबडा आवळला होता.

ओंद्रेयच्या अंगणात आल्झा एप्रनला हात पुसत पुढे आली आणि पेर्साला आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखी "या, या, प्रवास बरा झाला ना?" म्हणाली. पेर्साला हसू दाबताना खोकला आला. ग्लिशा कोंबड्यांच्या खुराड्याजवळ जाऊन उभा राहिला आणि तिथून हललाच नाही.

नेदेल्कोने इंजिनावर तळवा ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"गरम आहे," तो म्हणाला.

"हो," ओंद्रेय म्हणाला.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. आता हा पाठ फिरवणार, पेर्साला वाटलं. पण नेदेल्को ट्रॅक्टरच्या मागे गेला, वाकला, फाळावरची माती बोटाने चोळून बघितली, मग घरामागच्या रानाकडे नजर टाकली.

"तापलाच आहे तर आणखी तापू दे," तो म्हणाला. "मी चालवतो."

"चालवा."

तो वर चढला. वसंतापासून तो कुठल्याच ट्रॅक्टरवर चढला नव्हता. पहिली फेरी त्याने जपून घातली, दुसरीला मागे वळून बघितलं, आणि तिसरीपासून तो फक्त पुढे बघत होता. गरज होती त्याहून किती तरी जास्त फेऱ्या त्याने घातल्या. बांधावर उभी राहून पेर्सा मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याचे, त्याच्या बायकोचे आणि त्या थकलेल्या पंपाचेही आभार मानत होती.

शेवटी त्याने नांगर उचलून ट्रॅक्टर उभा केला आणि टायर बघायला खाली उतरला. मागे आला. थांबला. उकिडवा बसला. कितीतरी वेळ तो तसाच बसून होता.

"पेर्सा!" त्याने हाक मारली. "इकडे ये. हे बघ."

ती धावत गेली. नांगर खाली येत होता.

"काल तुम्हाला हे दिसलं नाही?"

"आम्ही इंजिनालाच हात लावत बसलो होतो," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

नेदेल्को गुडघे झाडत उठला. त्याने ओंद्रेयला सील सांगितलं, पंप सांगितला, किंमत किती खाली यायला हवी ते सांगितलं. ओंद्रेय प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग दोघांनी हात हातात घेतले, आणि मध्यस्थाने तळहाताच्या कडेने ते तोडून सौदा पक्का करायचा, म्हणून ग्लिशाला बोलावलं. ग्लिशाने हात तोडले, रकियाचा, फळांच्या त्या कडक दारूचा, पेला एका घोटात संपवला, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी चकार शब्द काढला नाही.

नांगर साखळीने बांधून नेदेल्को ट्रॅक्टर घेऊन निघाला. पेर्सा केबिनमध्ये त्याच्या शेजारच्या छोट्या सीटवर बसली. मागून गाडीत ग्लिशा. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना लोकांची नांगरून झालेली रानं.

"ग्लिशाने आज तोंडच उघडलं नाही," नेदेल्को म्हणाला.

पेर्सा समोर बघत राहिली. "घसा बसला असेल."

"हं." त्याने गिअर बदलला. "काल जेवायला काय होतं त्यांच्याकडे?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर रस्त्यावर होती.

"शेवया," ती हळूच म्हणाली. "खसखस घातलेल्या."

"चांगल्या होत्या?"

"फार."

त्याने मान डोलावली, आणि हात लांब करून तिचा गुडघा दाबला. नदीजवळच्या वळणावर ट्रॅक्टर रस्ता सोडून त्यांच्या शेताकडच्या कच्च्या वाटेला लागला. मागे ग्लिशाने गोंधळून हॉर्न वाजवला.

"घर सरळ आहे," पेर्सा म्हणाली.

"अजून उजेड आहे," नेदेल्को म्हणाला. "उतर, साखळी सोड."